किती निघालं, किती मावलं: पिकअपचं कूलंट घरी बदलताना

विचारणा अशी आहे: सहा वर्षं जुनी डिझेल पिकअप, लाखभर किलोमीटर झालेली. रेडिएटरच्या बाटलीतलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, आधी हिरवं होतं, आता मातकट तपकिरी दिसतंय. घरी बदलता येईल का? हिरवं, लाल, निळं असं बरंच काही मिळतं, त्यातलं कोणतं घ्यावं? आणि खालचा नट काढून जुनं सोडलं, वरून नवं ओतलं, एवढ्यावर भागतं का?

घरी बदलता येतं. ज्याचा हात पान्यावर बसलेला आहे त्याला अवघड नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र आधी देतो, कारण घरी केलेली बरीच कामं तिथंच फसतात. नाही, एवढ्यावर भागत नाही. पिकअप आणि छोटे ट्रक यांची कामं मी बरीच वर्षं करतोय, आणि या कामासाठी माझ्याकडचं सगळ्यात मोलाचं हत्यार कोणतं असं विचाराल तर ते म्हणजे लिटरच्या खुणा असलेला पांढरा प्लास्टिकचा कॅन. जुनं किती निघालं ते मोजायचं, नवं किती मावलं ते मोजायचं. हे दोन आकडे कागदावर नसतील तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

आधी त्या तपकिरी रंगाचं बघू. कूलंटमधलं ग्लायकॉल लवकर संपत नाही, संपतात ती त्यातली गंजरोधक रसायनं. ती संपली की इंजिनचा मुख्य सांगाडा, म्हणजे ओतीव लोखंडाचा ब्लॉक, गंजायला लागतो आणि तो गंज पाण्यात फिरू लागतो. सहा वर्षांत हे होणं साहजिक आहे. पण नट सोडण्याआधी बाटलीत वाकून नीट बघा. वर तेलाचा तवंग आहे का? द्रव दुधाळ, दाटसर आहे का? ऑइलच्या झाकणाला आतून लोण्यासारखा थर आहे का? गार इंजिन रेडिएटरचं झाकण काढून सुरू केलं तर बुडबुडे येतच राहतात का? गळती कुठंच नसताना पातळी उतरते का? ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीत गिअरचं तेल गार करणारी नळी बहुतेकदा रेडिएटरच्याच पोटात असते. ती फुटली तर गुलाबी दाट मिश्रण तयार होतं. यातलं काहीही दिसलं तर कूलंट बदलून उपयोग नाही, आधी हेड गॅस्केट (ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांमधलं सील) किंवा ऑइल कूलर (तेल गार करणारा भाग) दुरुस्त करा. नुसता गंजकट रंग असेल तर पुढे वाचा.

आता रंग. रंग हा फक्त रंग आहे, कंपनीनं टाकलेला. हिरवं म्हणजे अमुकच, लाल म्हणजे तमुकच असा नियम कुठंही नाही. फरक असतो तो आतल्या गंजरोधकांत. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेट, फॉस्फेट अशी अजैविक क्षारं असतात. ती धातूवर पटकन थर धरतात आणि दोनेक वर्षांत खर्ची पडतात. सेंद्रिय आम्लांवर चालणारी कूलंट हळूहळू काम करतात, पण पाच वर्षं आणि कधी त्याहून जास्त टिकतात. तिसरी जात या दोन्हींची मिसळ. त्यातही आशियाई कंपन्यांचा कल फॉस्फेट ठेवून सिलिकेट टाळण्याकडे, युरोपीय कंपन्यांचा बरोबर उलट. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत दिलेला स्पेसिफिकेशनचा क्रमांक बघायचा आणि तोच क्रमांक डब्याच्या मागच्या बाजूला शोधायचा. 'सर्व गाड्यांसाठी' असं लिहिलेलं कूलंट वाटेत अडचणीला घालावं. घरी बसून निवांत काम करताना योग्य तेच आणायला काय हरकत आहे? दोन जाती मिसळल्या की लगेच भूकंप होत नाही. पण जास्त टिकणाऱ्याचं आयुष्य कमी टिकणाऱ्याइतकं खाली येतं, आणि काही जोड्यांत गाळ किंवा जेलीसारखा चिकटा धरतो. तो अडकतो केबिन गरम करणाऱ्या हीटरच्या बारीक नळ्यांत.

मोठ्या डिझेल इंजिनांत सिलिंडरचे लायनर (आतली लोखंडी नळकांडी) थेट कूलंटमध्ये बुडालेले असतात. ते थरथरतात, बाहेरच्या अंगाला बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि लोखंडाला सुईच्या टोकाएवढे खड्डे पडत जातात. अशा इंजिनांच्या कूलंटमध्ये त्यासाठी वेगळी रसायनं असतात. तुमच्या पुस्तिकेत तसा उल्लेख असेल तर तो डोळ्यांआड करू नका.

प्रमाण निम्मं-निम्मं. पाण्यात बरोबरीनं इथिलीन ग्लायकॉल घातलं की मिश्रण साधारण उणे ३७ अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही. नुसतं ग्लायकॉल मात्र उणे १३ च्या आसपासच गोठतं, त्यामुळे 'जास्त घातलं तर जास्त चांगलं' हा हिशेब इथं चालत नाही. शिवाय उष्णता वाहून नेण्यात पाण्याचा हात कुणी धरू शकत नाही. निम्म्या मिश्रणाची ती ताकद पाण्यापेक्षा १५ ते २० टक्क्यांनी कमीच असते. आमच्याकडे थंडी पडतच नाही, मग नुसतं पाणी का नको, असंही लोक विचारतात. कारण गंज, आणि कारण उकळणं. निम्मं मिश्रण उघड्या भांड्यात १०७ अंशांच्या आसपास उकळतं. १५ पीएसआय दाबाच्या झाकणाखाली तेच १२९ पर्यंत तग धरतं. पाणी डिस्टिल्डच घ्या. नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यातले क्षार गरम धातूवर थर धरतात, आणि तो थर सगळ्यात आधी तिथं जमतो जिथं इंजिन सगळ्यात जास्त तापतं.

कूलंट तयार मिश्रण घ्यायचं की कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं? तुमच्या कामासाठी कॉन्सन्ट्रेट. का, ते भरण्याच्या वेळी कळेल.

आता गाडीपाशी. इंजिन पूर्ण गार हवं. रेडिएटरच्या वरच्या होजवर, म्हणजे जाड रबरी नळीवर, तळहात टेकवून ठेवता आला पाहिजे आणि होज दाबल्यावर मऊ लागला पाहिजे. तापलेल्या गाडीचं झाकण उघडू नये हे सगळ्यांना माहीत असतं, पण का ते थोड्यांनाच. आतलं पाणी शंभर अंशांच्या वर असूनही फक्त दाबामुळे द्रवरूपात असतं. झाकण फिरलं, दाब गेला, की ते त्याच क्षणी वाफ होऊन थेट तोंडावर येतं. रेडिएटरला विजेचा पंखा असेल तर किल्ली काढून ठेवा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. काही गाड्यांत किल्ली बंद असतानाही तो पंखा आपला आपण फिरू लागतो.

पिकअपचा फायदा म्हणजे ती उंच असते, बहुतेकदा जॅक न लावता खाली सरकता येतं. तोटा म्हणजे पोटाखालचा पत्रा. तो आधी काढा. नाही काढला तर कूलंट पत्र्यावर पसरतं, चारी बाजूंनी टपकतं, अंगण चिकट होतं आणि मोजमाप बोंबलतं. पसरट ट्रे ठेवा, बादली नको.

नट सोडण्याची एक युक्ती आहे. बाटली वेगळी आणि झाकण रेडिएटरवर, अशी रचना असेल तर सुरुवातीला झाकण लावलेलंच ठेवून खालचा नट थोडा ढिला करा. आत निर्वात पोकळी तयार होते आणि बाटलीतलं जुनं कूलंट रेडिएटरमध्ये ओढलं जाऊन बाहेर पडतं, बाटली वेगळी उपसावी लागत नाही. धार बारीक झाली की वरचं झाकण उघडा. बाटलीच्या तळाशी गाळ बसला असेल तर ती खोलून धुवा.

खालचा नट बहुतेक गाड्यांत प्लास्टिकचा असतो आणि सहा वर्षं उष्णता खाऊन तो बिस्किटासारखा ठिसूळ झालेला असतो. त्याला पक्कड लावू नका. मी लावली होती. डोकं हातात आलं, आटे आत राहिले आणि उरलेला दिवस ते कोरून काढण्यात गेला. बोटांनी हलत नसेल तर नाद सोडा आणि खालचा होज काढा. तिथून कूलंट एकदम भसकन येतं, त्यामुळे ट्रे मोठा हवा आणि तोंड बाजूला हवं. होज चिकटला असेल तर स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचं नाही, रेडिएटरचं प्लास्टिकचं नाक तुटतं. हातानं पिळून आधी गोल फिरवा. आणि होज बदलणारच असाल तर सरळ उभा चिरून काढा.

निघालेलं सगळं कॅनमध्ये ओतून मोजा आणि आकडा लिहा. पुस्तिकेत एकूण क्षमता दिलेली असते. उदाहरणासाठी १० लिटर धरू. फक्त रेडिएटरमधून सोडलं तर साधारण ६ निघेल. उरलेलं ४ लिटर इंजिन ब्लॉक आणि हीटरच्या नळ्यांत तसंच बसून आहे. 'जुनं काढलं, नवं भरलं' यात नेमकं हेच राहून जातं: गंजानं भरलेलं ४ लिटर जुनं आणि ६ लिटर नवं, वर्षभरात पुन्हा मातकट.

ब्लॉकलाही बहुतेकदा स्वतंत्र ड्रेन बोल्ट असतो, इंजिनच्या कुशीत, कधी सायलेन्सरच्या पाइपामागे लपलेला. निघाला तर सोन्याहून पिवळं. पण जुन्या ब्लॉकमध्ये गंजून बसलेला बोल्ट लांब दांडी लावून जबरदस्तीनं फिरवण्यात शहाणपण नाही. तुटला तर आजचं काम सोडून दुसरंच काम होऊन बसतं. मी एकदा बेताच्या जोरानं बघतो आणि नाही हलला तर पाण्याच्या फेऱ्या वाढवतो.

फेऱ्यांचा हिशेब सोपा आहे. १० पैकी दर वेळी ६ निघतात. पहिल्यांदा पाणी भरलं की जुनं ४० टक्के उरतं, दुसऱ्या फेरीनंतर १६, तिसरीनंतर साडेसहाच्या आत. तीन फेऱ्या पुरेत. दर फेरीत पाणी भरून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, वरचा होज गरम होईपर्यंत इंजिन चालवायचं. होज गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) उघडला आणि पाणी ब्लॉकमधूनही फिरलं. मग बंद करून गार होऊ द्यायचं. तापलेल्या ब्लॉकमध्ये गार पाणी ओतलं तर ओतीव लोखंडाला किंवा हेडला तडा जाऊ शकतो. खरा वेळ या गार होण्यातच जातो. म्हणून हे काम अर्ध्या दिवसाचं न धरता दोन दिवसांचं धरा. सकाळी एक, संध्याकाळी एक अशा फेऱ्या आरामात होतात. पहिल्या दोन फेऱ्यांना साधं स्वच्छ पाणी चालेल, शेवटची मात्र डिस्टिल्डचीच.

रेडिएटर साफ करायची रसायनं मिळतात. मी ती क्वचित वापरतो. जुन्या गाडीत ती एका जागचा गाळ सोडवून दुसरीकडे नेऊन अडकवतात.

गाडी रिकामी आहे तोवर होज दाबून बघा. फुगलेला, चिरलेला किंवा आतून करकरणारा असेल तर बदला. थर्मोस्टॅट सहा वर्षांचा आहे, मी असतो तर याच खेपेला नवा टाकला असता. त्याला एक छोटी हलणारी पिन असते. ती वरच्या बाजूला आली पाहिजे, कारण हवा तिथून निसटते. उलटी बसली तर पुढे हवा काढताना दमछाक होते.

भरणं. शेवटची फेरी रिकामी केल्यावर ब्लॉकमध्ये ४ लिटर जवळपास शुद्ध पाणी आहे. आता कुणी ६ लिटर तयार मिश्रण ओतलं तर त्यात ग्लायकॉल फक्त ३ लिटर. १० लिटरमध्ये ३, म्हणजे ३० टक्के. गोठण्याची मर्यादा उणे १५ अंशांच्या आसपास घसरते, आणि गंजरोधकंही त्याच हिशेबानं पातळ होतात. डब्यावर ५० टक्के लिहिलंय म्हणून गाडीत ५० टक्के आहे असं माणूस समजून चालतो. म्हणून कॉन्सन्ट्रेट: आधी एकूण क्षमतेच्या निम्मं, म्हणजे ५ लिटर, ते ओतायचं. मग उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्यानं भरायची. ब्लॉकचा बोल्ट निघाला असेल आणि जवळपास सगळं रिकामं झालं असेल तर मात्र तयार मिश्रण खुशाल वापरा. रिफ्रॅक्टोमीटर (थेंबावरून ग्लायकॉलचं प्रमाण दाखवणारं छोटं यंत्र) मिळाला तर चार दिवसांनी एक थेंब घालून प्रमाण तपासा. तरंगत्या गोळ्यांच्या स्वस्त मापकापेक्षा तो कितीतरी भरवशाचा.

आणि आता हवा. माझ्या सुरुवातीच्या काळात मी एका पिकअपचं कूलंट बदललं, रेडिएटर गळ्यापर्यंत भरलं, झाकण लावलं आणि समाधानानं हात धुतले. इंजिन चालू केलं, तापमानाचा काटा शांत. फेरी मारायला निघालो, तरी काटा शांत. चढावर मात्र तो एकदम उसळी मारून लाल रेघेला टेकला आणि परत खाली आला. हीटर लावला तर गार हवा. गाडी तिथंच थांबवली, पूर्ण गार झाल्यावर सावकाश परत आणली. जुनं कूलंट अजून ट्रेमध्येच होतं, ते मोजलं. ९ लिटर निघालं होतं. नव्या डब्यांवरून हिशेब केला, भरलं होतं ७. ते दोन लिटर म्हणजे हवा, आणि ती बसली होती हेडच्या वरच्या अंगाला, जिथं इंजिनला सगळ्यात जास्त गारव्याची गरज असते. तापमानाचा सेन्सर द्रवात बुडालेला असतो असं आपण गृहीत धरतो. त्याच्याभोवती हवा असेल तर तो खरं तापमान सांगतच नाही. तेव्हापासून कॅन.

म्हणून गाडीचं नाक उतारावर वरच्या दिशेला उभं करा, रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच येईल असं. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा. इंजिनवर हवा काढायचा छोटा स्क्रू असेल (पुस्तिकेत दिलेला असतो) तर तो ढिला करून, तिथून बुडबुडे थांबून अखंड धार येईपर्यंत सावकाश ओता. घाईनं ओतलेलं कूलंट हवेला कोंडतं. वरचा होज मधूनमधून दाबत राहा, आतून गुडगुड आवाज येईल आणि पातळी उतरेल.

तोंडावर घट्ट बसणारं नरसाळं लावून, बॅटरीची वायर जोडून इंजिन सुरू करा. हीटर पूर्ण गरमवर, पंखा हळू. पंधरा-वीस मिनिटं काट्यावरची नजर हलवू नका. थर्मोस्टॅट उघडला की नरसाळ्यातली पातळी घटकन खाली जाते. ओतत राहा. मग सावकाश रेस देऊन मिनिटाला दीड-दोन हजार फेऱ्यांवर थोडा वेळ धरा, सोडा, पुन्हा धरा. बुडबुडे संपले, दोन्ही होज गरम झाले आणि आत बसणाऱ्याच्या पायाशी गरम हवा यायला लागली की झालं. डॅशबोर्डमागून ओढ्यासारखी खळखळ ऐकू येत असेल तर हवा अजून हीटरमध्ये आहे.

मग आकडे ताडा. शेवटच्या वेळी जेवढं निघालं त्याच्याशी आत गेलेलं जुळलं पाहिजे. पाव-अर्धा लिटर मागे-पुढे चालेल, तेवढं पहिल्या काही दिवसांत बाटलीतून आत ओढलं जातं. त्याहून जास्त फरक असेल तर गाडी रस्त्यावर काढू नका, पुन्हा हवा काढा.

झाकण किरकोळ वाटतं पण दाब धरणारं तेच. त्यात दोन झडपा असतात. एक दाब वाढला की कूलंट बाटलीत सोडते, दुसरी गार होताना परत आत घेते. दुसरी अडकली की सकाळी वरचा होज चपटा झालेला दिसतो. आतलं रबर चिरलं असेल तर झाकण बदला, पण त्यावर लिहिलेल्याच दाबाचं. जास्त दाबाचं लावून उकळणं पुढे ढकलता येतं, पण तो जास्तीचा दाब जुना होज आणि प्लास्टिकची टाकी सोसतात.

जुन्या कूलंटचं काय करायचं हे कुणी विचारत नाही, म्हणून न विचारता सांगतो. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर असतं आणि मूत्रपिंडं निकामी करतं. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोड्याशानंही मरतात. ट्रे उघडा टाकून आत जाऊ नका, सांडलेलं लगेच भरपूर पाण्यानं धुऊन पुसा. पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नका, घरात मूल असो वा नसो. झाकणाच्या कॅनमध्ये भरून वर ठळक नाव लिहा, जळक्या इंजिन ऑइलमध्ये मिसळू नका आणि टाकाऊ रसायनं घेणाऱ्या केंद्रावर किंवा गॅरेजवाल्याकडे द्या. गटार नाही, झाडाचं आळंही नाही.

दुसऱ्या दिवशी इंजिन गार असताना रेडिएटर आणि बाटली दोन्ही बघा. पातळी थोडी उतरलेली असेल, भरून घ्या. तारीख, किलोमीटर, कूलंटची जात आणि किती लिटर गेलं ते बोनेटच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. आठवडाभर रोज सकाळी बाटलीवर नजर टाका. तीन-चार दिवसांत पातळी एका जागी स्थिरावली पाहिजे. दोन आठवड्यांनंतरही उतरतच असेल तर वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकाशी सुकलेल्या कूलंटचा ओघळ आहे का बघा, आणि पुढच्या सीटखालचा गालिचा हातानं चाचपा. तो ओला, चिकट लागला तर गळती हीटरच्या नळ्यांतून आहे.